न बसलेला गूळ

अयुब तांबोळीचं नाव पाटीवर लागून दोन वर्षं झाली होती. फक्त त्याच्यावर गोणपाट ठोकलेलं होतं.

पाटी यवतला हायवेच्या कडेला होती. 'अजीम-अयुब टायर वर्क्स'. अजीम हा अयुबच्या बायकोचा, मदिनाचा, थोरला भाऊ, आणि पंक्चरचं दुकान त्याचं एकट्याचं. पण आज ना उद्या मेहुणा आपल्याबरोबर दुकानात बसणार, ह्याची त्याला इतकी खात्री होती की पेंटर आलाच आहे तर त्यानं दोन्ही नावं लिहून घेतली, आणि अयुबच्या नावावर तेवढ्या मापाचं गोणपाट कापून चार खिळ्यांनी बसवलं.

"दूल्हेभाई, तुम्ही फकस्त हो म्हणा," तो दर ईदला म्हणायचा. "चार खिळे हायेत. मला मिनिट लागत न्हाई."

अयुब हो म्हणत नव्हता. तो अकरा वर्षं एकच लोडर चालवत होता. सीटच्या फोममध्ये त्याच्या बैठकीचा असा साचा पडला होता, की दुसरा कोणी बसला तर त्याला आपण परक्याच्या घरात शिरलोय असं वाटायचं. लोडर पिवळा होता, म्हणजे एके काळी होता. पुढं माती उचलायचं बकेट होतं. मागचा खोदायचा हात मालकानं कधीच काढून दुसऱ्या मशिनला लावला होता, त्यामुळे मागून तो शेपूट तुटलेल्या पालीसारखा दिसायचा. अयुबला तो तसाही आवडायचा. पंक्चरच्या दुकानात माणूस दिवसभर दुसऱ्याच्या चाकाकडं बघत बसतो, आणि ते चाक निघून जातं. हे त्यानं मदिनाला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मग भाकरीकडं बघा, ती कुठं जात न्हाई."

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात रमजान लागला तेव्हा लोडर वडगाव रासाईला होता. नदीकाठच्या रस्त्याचा भराव चालला होता. खालून मुरूम भरायचा, चढानं वर न्यायचा आणि पसरायचा. काम सोपं होतं, चढ तेवढा अवघड होता. वरच्या उसाला पाणी सुटलं की ते पाझरून चढावर यायचं आणि काळी माती साबणासारखी व्हायची.

लोडरचा जोर मागच्या दोन चाकांवर. पण पुढं बकेट भरलं की सगळं वजन पुढं जायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि जागच्या जागी गरगरायची. मशिनला एक लॉक होतं, ते दाबलं की दोन्ही चाकं बरोबर फिरतात. अयुबनं ते दाबलं. आधी एक चाक जागच्या जागी फिरत होतं, आता दोन फिरायला लागली.

"फिरणारं चाक म्हंजी चालणारं चाक न्हवं," अयुब म्हणायचा, आणि लगेच पाय काढून घ्यायचा. चाक जितकं गरगरतं तितकी खालची माती गुळगुळीत होते आणि टायर सोलून निघतो. रेस देणारा डायवर हा डायवर नसतो, न्हावी असतो, असं त्याचं मत होतं.

वडगावात सल्ल्याचा तुटवडा नव्हता. चाकाखाली उसाचं पाचट टाकून झालं, ते चाकानं मागं बसलेल्या लोकांच्या अंगावर फेकलं. चाकांना साखळदंड बांधून झाले, ते तुटले. कोणी बोनेटला लिंबू-मिरची बांधून गेलं. सहा जाड माणसं मागं बसवावीत असंही ठरलं, पण यादी करायला बसल्यावर गावात जाड माणूस एकही निघाला नाही. ज्यांनी आपणहून नावं दिली ती पाच जणं मिळून एका पोत्याएवढी भरली असती. शिवाय चढावर मशिनच्या पाठीवर माणूस बसवणार नाही, असं अयुबनं सांगून टाकलं.

शेजारच्या रानात कांदे लावणाऱ्या सिंधूबाई तीन दिवस हे बघत होत्या. चौथ्या दिवशी त्या कंबर धरून उभ्या राहिल्या.

"आयुब, गरवार बाईचं प्वाट पुढं आलं की ती चालती कशी?"

"कशी, मावशी?"

"मागं रेलून. तुझी गाडी रेलत न्हाई."

अयुबला हे माहीत होतं. पण अकरा वर्षांत त्याला ते इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी शिरूरहून पोपटराव आले. मशिन त्यांचं, काम त्यांचं, आणि आवाजही त्यांचाच. त्यांनी लोडर चढावर पाच मिनिटं फिरताना बघितला. लोडर जिथं होता तिथंच होता, चिखल मात्र पोपटरावांच्या पांढऱ्या विजारीपर्यंत पोचला.

"शनिवारी मी यील," ते म्हणाले. "दुपारच्या आत धा खेपा वर गेल्या पायजेत. न्हाईतर दौंडवरनं चेनचं मशिन आणतो. त्येला चाकंच न्हाईत, म्हंजी घसरायचा वांधा न्हाई."

"आन् मी, शेठ?"

"त्येचा डायवर त्येच्यासंगंच येतो."

म्हणजे गोणपाट निघालं.

गुरुवारी सकाळी अयुबनं अजीमलाच बोलावलं, कारण पाणी भरायचा व्हॉल्व त्याच्याकडंच होता. टायरमध्ये हवेऐवजी पाणी भरलं की चाक जड होतं आणि जमीन धरतं. ट्रॅक्टरवाले हे करतातच. अजीम एम-एटीवरनं पाना, नळी आणि अतिशय प्रसन्न चेहरा घेऊन आला.

"न्हाई जमलं तरी टेन्शन घेऊ नका, दूल्हेभाई," तो नळी जोडता जोडता म्हणाला. "तुमच्यासाठी गल्ल्यामागची जागा ठेवलीय. पंखा बी हाय."

"जमणार न्हाई आसं धरूनच आलाय का?"

"न्हाई ओ. दुवा तुमच्यासाठीच मागतोय. मागताना पाटी डोळ्यापुढं येती, त्याला मी काय करू?"

पाणी भरलं. लोडर चढाला लागला, अर्ध्यापर्यंत गेला, थांबला, आणि आपण चाकं फिरवत मागं यायलाही शिकलो आहोत असं दाखवत खाली आला.

"आजून वजन पायजे," अयुब म्हणाला. "चाकात ह्याच्यापेक्षा पाणी मावत न्हाई. पाण्याहून जड कायतरी पायजे."

"मीठ घालू?"

"रिम गंजल. शेठ माझंच लोणचं घालतील."

बांधावर जालिंदर आबा सायकल धरून उभे होते. त्यांचं दोन कोसांवर गुऱ्हाळ होतं. चार दिवसांपासून त्यांचं तोंड कडू होतं, आणि ते शुगरमुळं नव्हे. पाण्याहून जड, हे शब्द कानावर पडले तशी त्यांनी सायकल स्टँडवर लावली.

"माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "चार काहिली."

झालं होतं असं की जालिंदर आबांचा गुळव्या, म्हणजे रस कढवून गूळ उतरवणारा कारागीर, केंदूरचा म्हस्कू. तीस वर्षं त्यानं हात घातला आणि गूळ बसला नाही असं झालं नव्हतं. ह्या हंगामात ओळीनं चार काहिली, म्हणजे चार मोठ्या कढया भरून रस, बसल्या नाहीत. घोटून घोटून माणसं थकली, पण ढेप काही धरेना. नुसती दाट काकवी, काळपट, आठ क्विंटल. खायला नको म्हणतात, आणि गोड वस्तू फेकायची नसते. ती चार दिवस पिंपांत भरून गुऱ्हाळाच्या दाराशी उभी होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडं बघून "आरेरे" म्हणून जात होता. जालिंदर आबांनी म्हस्कूला काढून टाकलं होतं. पण तो गेला नव्हता. केंदूरला जायचं म्हणजे घरी कारण सांगावं लागलं असतं. तो चिपाडांच्या ढिगाआड गाठोड्यावर, गुऱ्हाळाकडं पाठ करून बसून होता.

दुपारी लोडर गुऱ्हाळावर पोचला. आता गुऱ्हाळाची एक रीत असते. कोणीही येवो, त्याला गोड काहीतरी हातावर दिल्याशिवाय पाठवायचं नाही. जालिंदर आबांनी पिंपात पळी बुडवून ती अयुबपुढं धरली.

"रोजा हाय, आबा."

पळी अजीमकडं वळली.

"माझा बी."

"मग तुमीच बघा की चाखून," अयुब म्हणाला.

"डाक्टरनं लिहूनच दिलंय, बोट बी लावायचं न्हाई." आबांनी पळी ढिगाच्या दिशेनं उंच केली. "म्हस्कू, तू बघतोस?"

"माझ्या हातचं नासलेलं मी तोंडात घालत न्हाई," ढिगामागून आवाज आला.

अशा रीतीनं दोन रोजेकरी, एक शुगरवाला आणि एक रुसलेला, चौघांनीही काकवी चाखली नाही. तीस वर्षांत त्या गुऱ्हाळावर न चाखलेली ती पहिलीच वस्तू.

काकवी नळीतून जाईना. चुलवाणाला जाळ होताच, म्हणून ती परत काहिलीत ओतली.

"कोमट करा निस्तं," म्हस्कूची पाठ बोलली. "उकळी दिऊ नका."

"तुझं ऐकूनच ही येळ आली," जालिंदर आबा म्हणाले, आणि त्यांनी आणखी चार भारे चिपाड आत सारलं. काकवीला चांगल्या चार उकळ्या आल्या. मग बोट सोसेल इतकी निवू दिली, उसाच्या ट्रॉलीवर पिंप चढवलं, चाकातलं पाणी काढलं आणि नळी लावली. सूर्य बुडेपर्यंत सगळी काकवी मागच्या दोन चाकांत गेली. खजूर तोंडात टाकून दोघांचा रोजा सुटला, तेव्हा चाखायला एक थेंब उरला नव्हता.

शुक्रवारी सकाळी अयुबनं लोडर हळूहळू भरावावर नेला. दोन कोस. चाकं अशी जमीन धरत होती की रस्त्यातला दगडही दबून बाजूला व्हायचा. व्हॉल्ववर सांडलेल्या काकवीमुळं मुंग्यांची रांग मागं लागली होती, ती त्यानं आरशात बघितली आणि सोडून दिली. पोचला, लोडर उभा केला, जुम्म्याच्या नमाजाला यवतला गेला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पाटीकडं मान वर करून बघितलं. रात्री थंडी कडाक्याची पडली. मदिना म्हणाली, गोधडी घ्या. त्यानं दोन घेतल्या.

लोडरला गोधडी नव्हती.

शनिवारी सकाळी अयुबनं मशिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि लोडरनं कमरेतून हिसडा दिला. मागचा भाग वर उचलला गेला, धप्पकन खाली आला. परत वर, परत धप्प. सरळ जाताना तो मेंढा लंगडावा तसा चालत होता. वळवला तर दोन्ही चाकांचा ताल चुकला आणि तो बदकासारखा डुलायला लागला. सिंधूबाईंनी खुरपं खाली ठेवलं.

"आता रेलतीया," त्या म्हणाल्या. "पर लईच दिस भरल्यासारखी."

अयुब खाली उतरून चाकाकडं बघत उभा राहिला. तेवढ्यात अजीमची एम-एटी आली. मागच्या सीटवर गाठोडं धरून म्हस्कू बसला होता. तो वाटेत पायी येताना अजीमला भेटला होता. मुंग्यांच्या रांगेवरून आपला माल कुठं गेला ते शोधत तो निघाला होता, असं तो म्हणाला.

"दूल्हेभाई," अजीम हळूच म्हणाला, "एक सांगायचं हाय. रागावू नका. सकाळी खिळे काढले."

"काय केलं?"

"गोणपाट काढलं. आज शनिवार ना. म्हटलं तुम्ही संध्याकाळी येताल तर नाव झाकलेलं बरं दिसत न्हाई."

 म्हस्कू चाकापाशी उकिडवा बसला होता. ढेप तयार झाली का ते बघायला गुळव्या बोटाच्या पेरानं ठोकतो, तसं त्यानं टायरवर ठोकलं. वर ठोकलं, पोकळ. मधे ठोकलं, पोकळ. तळाशी ठोकलं. मग कान लावला. बराच वेळ त्यानं कान काढला नाही.

"बसला," तो म्हणाला.

"कोण?"

"गूळ. उकळी दिऊ नका म्हटलं हुतं, तुमी चार दिल्या. दोन कोस चाकानं घोटला. वरनं थंडी. आरं, आन् काय पायजे त्येला?" त्यानं दुसऱ्या चाकावर ठोकलं. "ह्यो बी बसला. तळाला चंद्रकोर धरलीया. जाळ कमी पडून पाक कच्चा राह्यला हुता, हात चुकला न्हवता. कुणी जीभ लावली आसती तर साखरेचं कण लागलं आसतं, ह्यो बसणार हे तवाच कळलं आसतं." आणि तीस वर्षं गूळ उतरवलेल्या कारागिरानं टायरवरून असा हात फिरवला की अजीमनं नजर दुसरीकडं केली.

"म्हस्कूमामा, पटकन काढता येईल का?" अयुबनं विचारलं.

"बसलेला गूळ काढायचा?" म्हस्कू म्हणाला. त्याला हा प्रश्नच कळला नाही.

साडेआठला पोपटरावांची जीप आली. तिच्या मागं लांबलचक ट्रेलर, ट्रेलरवर चेनचं मशिन, आणि मशिनच्या सीटवर त्याचा डायवर कानाला मफलर गुंडाळून, वरच बसून आलेला. ट्रेलर कडेला लागला. डायवर उतरला नाही. तो दुपारपर्यंत थांबायला तयार होता.

अयुबनं बकेट भरलं आणि लोडर चढाला लावला.

पहिल्या खेपेला चाक घसरायला लागलं. सवयीनं अयुबनं पाय काढला. आणि मग असं झालं, की वर गेलेली गुळाची ढेप आपल्या वजनानं खाली आली, चाक जमिनीवर आपटलं, रुतलं, आणि लोडर हातभर पुढं सरकला. अयुब थांबला. त्यानं परत थोडी रेस दिली. ढेप वर गेली, त्यानं पाय काढला, ढेप खाली आली, आणि आणखी हातभर. ढेप चढताना द्यायचं, उतरताना सोडायचं. चौथ्या आपटीला त्याला ताल सापडला. अकरा वर्षं तो मशिनला सांगत आला होता की घाई करू नको. आता मशिन त्यालाच सांगत होतं, आणि तेही धपके घालून.

पहिली खेप वर गेली. धप्प, धप्प, धप्प. खाली चहाच्या टपरीवरच्या काचेच्या बरण्या वाजत होत्या.

पाचव्या खेपेपर्यंत निम्मं गाव बांधावर जमलं. सातवीला चढाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. एरवी लोडर भरल्या बकेटसकट थेट नदीच्या दिशेनं गेला असता. अयुबचा पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच तो वीतभर मागं आला, तळाला ढेप घेऊन बसला आणि हलेना. चेनच्या मशिनवरच्या डायवरनं मफलर सोडून नीट बघितलं.

अयुबच्या तोंडाला कोरड पडली होती, पण रोज्यात ती पडायचीच. आठ. नऊ. पावणेबाराला दहावी खेप वर रिकामी झाली, आणि तो झुलत झुलत खाली येऊन पोपटरावांच्या जीपसमोर उभा राहिला. विजारीच्या हिशेबानं पोपटराव दोन पावलं मागं सरले.

"चढली," ते म्हणाले. "पर अयुब, गाडी अशी का चालती?"

खोटं बोलणं एरवीही अयुबला जमायचं नाही. त्यात रोजा होता.

"मागच्या चाकात गूळ हाय, शेठ."

पोपटरावांनी चाकाकडं बघितलं. मग अयुबकडं, मग चाकापासून टपरीपर्यंत गेलेल्या मुंग्यांच्या रांगेकडं.

"किती?"

"आठ क्विंटल. दोन्ही मिळून."

"कसला?"

इथं म्हस्कू पुढं आला. "येक नंबर, शेठ. चाक फोडल्याबिगर रंग कळायचा न्हाई. पर आवाजावरनं येक नंबर हाय."

 पोपटरावांच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता. लोडरच्या चाकात गूळ भरला म्हणून कोणाला कामावरून काढावं, असं ह्याआधी कुठं झालंही नसेल. शेवटी त्यांनी ट्रेलरवाल्याला हात केला. ट्रेलरला वळायला वीस मिनिटं लागली. चेनच्या मशिनचा डायवर पाठमोरा होईपर्यंत लोडरकडंच बघत होता.

"चालव तूच," पोपटराव जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "तुझ्याबिगर कोण बसणार हाय त्याच्यावर?"

अजीम मुरमाच्या ढिगावर बसला होता. आनंद झाला की नाही, ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"दूल्हेभाई, मुबारक," तो म्हणाला. "पर नाव तर सगळ्या यवतनं वाचलं. दोन गिऱ्हाइकं तुम्हाला इचारून गेली. आता परत गोणपाट ठोकू?"

"मेहुण्याचं नाव झाकलं तर लोक म्हणतील भांडण झालं."

"तेच म्हणतो मी."

दोघंही म्हस्कूकडं बघायला लागले. तो अजून चाकाशीच होता. केंदूरची एसटी केव्हाच निघून गेली होती, आणि त्यानं ती बघितलीही नव्हती. जालिंदर आबांनी सकाळी निरोप धाडला होता, की परत ये. म्हस्कूनं निरोप्याला सांगितलं होतं, आबांना म्हणावं आधी चाकाला कान लावून जा.

"म्हस्कूमामा," अजीमनं विचारलं, "ह्यो टायर कवातरी खोलावा लागंल. तवा गूळ कसा काढायचा?"

"ऊन पाणी सोडायचं. हळूहळू इरघळतो. माज्यासमूर करायचं मातूर."

"यवतला येता का?"

"पंखा हाय का?"

पुढच्या महिन्यात पेंटर आला. त्यानं 'अयुब'वर पांढरा हात मारला आणि वर 'म्हस्कू' लिहिलं. मधली रेघ तशीच ठेवली, तिला काही झालं नव्हतं. पांढरा रंग पातळ होता, त्यामुळे दुपारी ऊन पाटीवर आलं की म्हस्कूच्या मागं अयुब दिसतो. अजीम त्याला दुसरा हात मारत नाही. उन्हाळ्यात लोणीकडचे दोन लोडरवाले येऊन गेले, चाकात काय ते घालून द्या म्हणाले. म्हस्कूनं त्यांना आधी जीभ बाहेर काढायला लावली. चाखल्याशिवाय भरत नाही म्हणतो.

अयुबच्या लोडरमधला गूळ काही अजून काढलेला नाही. पुढचं काम निघालं, मग त्याच्या पुढचं. संध्याकाळी मशिन बंद केलं की लोडर आपला आपण जरासा मागं जातो, जरासा पुढं येतो, बैल गोठ्यात जागा बघतो तसा, आणि ढेपा तळाला घेऊन टेकतो. तोवर अयुब सीटवरून उतरत नाही.